वेष्टनाचा धनी कोण?

जर्मनीतील ग्राहकाला परस्पर माल पाठविणाऱ्या आपल्या लहान विक्रेत्यांवर तेथील वेष्टन-कायद्याने जाच चालविला आहे, हा युरोपचा नवा वसाहतवाद आहे, अशी हाकाटी निर्यातदारांच्या वर्तुळात अधूनमधून ऐकू येते. व्यापाऱ्यांनी ती करावी यात नवल नाही. कर, तपासणी आणि नोंदवही यांविरुद्धची त्यांची ओरड सनातन आहे. परंतु समाजवादी म्हणविणारे आपले काही मित्रही ‘गोऱ्यांचा जाच’ एवढ्या शब्दांवर भाळून त्यात सूर मिसळू लागले, म्हणजे गप्प राहणे योग्य नव्हे. साम्राज्यशाहीला विरोध हे आपले ब्रीद आहे. म्हणून युरोपात झालेला प्रत्येक कायदा साम्राज्यशाहीच्या खात्यावर मांडलाच पाहिजे असे नाही.

आधी तो कायदा काय मागतो ते पाहू. 1991 साली, क्लाउस ट्योप्फर हे पर्यावरणमंत्री असताना, जर्मनीने एक आदेश काढून असे ठरविले की, जो वेष्टन बाजारात आणतो त्यानेच ते परत गोळा करण्याचा आणि त्याची वासलात लावण्याचा खर्च सोसावा; नगरपालिकेने, म्हणजे पर्यायाने सर्वसामान्य करदात्याने, तो सोसू नये. डब्या-पाकिटांवरचा ‘हिरवा ठिपका’ त्यातूनच आला. तेथेही सारे सोवळ्यात चालले असे मुळीच नाही. त्या ठिपक्याची वेष्टने 1990 नंतरच्या दशकात परदेशांतील उकिरड्यांवर सापडली आणि पुष्कळ विक्रेते शुल्क चुकवीत राहिले. म्हणून 1 जानेवारी 2019 पासून नवा कायदा लागू झाला. त्याने ओस्नाब्र्युक या गावी एक मध्यवर्ती नोंदणी-संस्था बसविली आणि ‘ल्युसिड’ नावाची नोंदवही सर्वांसाठी खुली केली. कोणाची नोंद आहे आणि कोणाची नाही, हे कोणीही पाहू शकतो. नोंदणीला पैसा पडत नाही. मात्र घरी पोचणाऱ्या मालाचा खोका, आतील भरण, चिकटपट्टी, पत्त्याची चिठ्ठी हे सारे तोलून, सामग्रीनुसार ठरलेले शुल्क मान्यताप्राप्त संकलन-व्यवस्थेकडे भरावे लागते. 1 जुलै 2022 पासून तर नोंद नसलेल्या विक्रेत्याचा माल ऑनलाइन बाजारपेठांनी विकावयाचाच नाही, असे बंधन आले. नोंदणी न केल्यास एक लाख युरोपर्यंत आणि शुल्क चुकविल्यास दोन लाख युरोपर्यंत दंडाची तरतूद ठेवण्यात आली.

विक्रेता म्युनिकचा असो की मुंबईचा, नियम एकच. यात भेदभाव कोठे आला? परदेशी मालावर लादलेला तो जकातीचा अडसर नव्हे; स्वदेशी उत्पादकाने आधीपासून भरलेल्या पैशाची ती बरोबरी आहे. ज्यांना हा अन्याय वाटतो त्यांचे म्हणणे सरळ भाषेत मांडले, तर ते एवढेच उरते: आमचा पुठ्ठा जर्मनांनी फुकट उचलावा.

अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याला यात नवे काही नाही. पिगूने 1920 साली खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावत दाखवून दिली. जन्माने जर्मन असलेल्या के. विल्यम कॅप यांनी 1950 साली ‘खासगी उद्योगांचे सामाजिक खर्च’ या विषयावर सबंध ग्रंथ लिहून सांगितले की, ही तफावत बाजाराची किरकोळ चूक नव्हे; आपला खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे हीच नफ्याची रीत आहे. वेष्टनाइतके या रीतीचे उघडे उदाहरण दुसरे नाही. वस्तूवर मालकाचे नाव ठळक छापलेले असते. वस्तू संपली की तेच नाव मिरविणारे पाकीट एका क्षणात बेवारस होते.

हे पाहण्यासाठी जर्मनीला जावयास नको. आमची ब्रह्मपुरी हा धानाचा मुलूख. सभोवार जंगल, पूर्वेला वैनगंगा, नदीपलीकडे आरमोरी आणि गडचिरोलीचा प्रदेश. येथील दुकानांत लटकणाऱ्या माळांकडे पाहा: शाम्पूच्या पुड्या, चिप्सची पाकिटे, मसाल्याच्या पुड्या. त्यांच्या जोडीला खर्र्याची पन्नी, जिच्यावर तर नावही नसते. आता खेड्यापाड्यांतून ऑनलाइन मालाची पाकिटेही येऊन पडू लागली आहेत. कचरावेचक बाटली उचलतो, पुठ्ठा उचलतो. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे थर एकत्र चिकटविलेली पुडी तो उचलीत नाही, कारण भंगारवाला तिला दमडीही देत नाही. ती नालीत जाते, बांधावर जाते, गाईच्या पोटात जाते. खरकट्यासकट फेकलेल्या पिशव्यांमागे गावकुसाला कुत्री आणि डुकरे येतात व त्यांच्या मागावर बिबट्या येतो, हे ब्रह्मपुरी वनविभागातील वनरक्षकाला कोणी शिकवावयास नको.

या कचऱ्याचा धनी कोण? आपल्याकडे कायदा नाही असे नाही. उलट कायद्यांची माळ आहे. 2016 च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी जबाबदारी ग्रामपंचायतींपर्यंत नेली. त्याच नियमांत असेही म्हटले होते की, पुनर्प्रक्रिया होऊ न शकणारी बहुस्तरीय पाकिटे दोन वर्षांत बंद करावयाची. दोन वर्षे संपत आली आणि 2018 साली दुरुस्ती आली: ज्या पाकिटांपासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्यांचा अन्य काहीही उपयोग नाही, तेवढीच बंद! जाळता येत नाही अशी पुडी जगात कोठे आहे? एका उपवाक्याने सबंध कलम गिळले. पुढे 1 जुलै 2022 रोजी, म्हणजे जर्मनीत ऑनलाइन बाजारपेठांना जबाबदार धरले गेले त्याच दिवशी, आपण फुग्याच्या काड्या, प्लॅस्टिकचे झेंडे, पेले, ताटल्या आणि शीतपेयाच्या नळ्या यांवर बंदी घातली. चिप्सचे पाकीट त्या यादीत नव्हते. काडी गेली, पाकीट राहिले. लहान कारखानदार गेला, मोठा ब्रँड राहिला.

16 फेब्रुवारी 2022 रोजी ‘विस्तारित उत्पादक दायित्वा’ची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. शब्द जर्मन कायद्याच्याच कुळातला. 2021-22 साठी 25 टक्के, 2022-23 साठी 70 टक्के आणि 2023-24 पासून पूर्ण 100 टक्के प्लॅस्टिकची जबाबदारी कंपन्यांवर. कागदावर हे उत्तम आहे. पण कंपनीने स्वतः काही गोळा करण्याची गरज नाही; पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचे प्रमाणपत्र विकत घेतले की दायित्व फिटले. ते प्लॅस्टिक जेथे पुडी विकली गेली तेथूनच उचललेले असावे अशी अटही नाही. प्रमाणपत्राची खरेदी-विक्री सुरू झाली की खोटी प्रमाणपत्रे छापली जाणारच. 2023 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अवघ्या चार कारखान्यांकडून सुमारे सहा लाख खोटी प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. याच चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-गडचांदूरच्या पट्ट्यात सिमेंटच्या भट्ट्या आहेत; असला कचरा भट्टीत जाळण्याची मुभा नियमांत आहे. (तो जाळावा की नाही, हा वाद वेगळा.) परंतु जिल्ह्याच्या या टोकाची पुडी त्या टोकाला नेण्याचे भाडे कोणी द्यावयाचे? स्वच्छ भारत मोहिमेच्या ग्रामीण टप्प्यात तालुक्याला प्लॅस्टिक-केंद्रासाठी 16 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सोय झाली, ती चांगलीच आहे. पण तो पैसा सरकारचा, म्हणजे पुन्हा तुमचा-आमचाच. शाम्पूवाल्याच्या खिशाला त्याने धक्का लागत नाही.

आता लहान कारागिराकडे वळू, कारण हाकाटी त्याच्या नावाने चालते. ऐनाच्या झाडावर कोसा पिकविणारा आरमोरीकडील ढिवर, किंवा चिचपल्लीच्या बांबू केंद्रात शिकून दिवे आणि टोपल्या करणारी तरुणी, यांनी वर्षाला चाळीस पार्सले जर्मनीला धाडली असे समजा. पुठ्ठ्याचे एकूण वजन फार तर पंधरा-वीस किलो. वजनावरचे शुल्क क्षुल्लक. भार पडतो तो स्थिर खर्चाचा: परक्या भाषेतील करार, नोंदणी, वार्षिक हिशेब. तो खर्च चाळीस हजार पार्सले पाठविणाऱ्याला जाणवत नाही, चाळीसवाल्याला बुडवितो. कायद्यात लहानांसाठी किमान मर्यादा ठेवलेली नाही. पहिल्या खोक्यापासून तो लागू होतो. येथे त्याच्यावर टीका करण्यास जागा आहे आणि ती केली पाहिजे. युरोपीय संघाचा वेष्टनविषयक सामाईक नियम 11 फेब्रुवारी 2025 रोजी अंमलात आला आणि तो सर्वसाधारणपणे लागू होण्याची तारीख 12 ऑगस्ट 2026 ठरविण्यात आली; म्हणजे हा प्रश्न एका जर्मनीपुरता उरणारा नाही.

पण यावर उपाय सूट मागणे हा नव्हे. लहानांचा स्थिर खर्च वाटून घेण्याचे साधन आपल्या चळवळीला केव्हापासून ठाऊक आहे. त्याला सहकार म्हणतात. नोंदणी विक्रेत्याने स्वतः करावयाची असते, ती दुसऱ्यावर सोपविता येत नाही. मग विक्रेताच एक करा. शंभर कारागिरांचा माल एका महासंघाने विकत घेऊन स्वतःच्या नावाने पाठविला, तर नोंद एक, करार एक, हिशेब एक. बांबू विकास मंडळ आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांनी हे काम अंगावर घ्यावे. टपाल खात्याने 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. खोका तेथे तोलला जातोच, मग पुठ्ठा किती आणि प्लॅस्टिक किती हे त्याच वेळी पावतीवर उतरविण्यास अडचण कोणती?

याच मुलखात लेखा-मेंढा हे गाव आहे. 1927 च्या वनकायद्याने बांबूला ‘झाड’ ठरवून गावाचा हात रोखला होता आणि तोच बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता. त्या कारखान्याच्या 1945 सालच्या मूळ नावात ‘स्ट्रॉ बोर्ड’, म्हणजे खोक्याचा पुठ्ठाच होता, हे जाता जाता नमूद करतो. 2009 साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली बांबू विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. जंगलातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बांबूचा हिशेब जर ग्रामसभा ठेवू शकते, तर गावात आत येणाऱ्या पाकिटाचा हिशेब मागण्याचा अधिकार तिला का नसावा?

मागणी म्हणून तीन गोष्टी पुरेत. ऑनलाइन बाजारपेठेला जर्मनीत लागू झाले तसे बंधन येथेही लागू करा: नोंद नाही तर विक्री नाही. प्रमाणपत्राचा पैसा दूरच्या कारखान्याकडे न जाता, ज्या पंचायतीने कचरा उचलला तिच्या खात्यावर किलोमागे जमा करा. आणि 2018 ची ती दुरुस्ती रद्द करा. तोवर ब्रह्मपुरी तालुक्यातील ग्रामसभांनी महिन्यातून एक दिवस गोळा झालेली पाकिटे कंपनीवार वेगळी करून तोलावीत आणि कंपन्यांच्या नावांसह ते आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाकडे लेखी पाठवून पोच घ्यावी. वजनकाटा रेशनच्या दुकानात आहेच.