सत्कार पुरे, संरक्षण द्या!

शहरातील प्रेक्षागृहांत चार-पाच दिवसांचा लोककला महोत्सव भरवावयाचा, शाल-श्रीफळ वाटावयाचे आणि तमाशा जगविल्याचे श्रेय घेऊन मंत्र्यांनी मिरवावयाचे, हा सरकारी खाक्या आता पुरे झाला. या हौशी आश्रयदात्यांनी एकदा अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर गाठावे. त्याच तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे महार कुटुंबात जन्मलेल्या पवळाबाईंनी पठ्ठे बापूरावांचा फड गाजविला. कांताबाई सातारकरांचे बिऱ्हाडही संगमनेरातच. मे २०२१ मध्ये कोरोनाने त्यांचा बळी घेतला. २०२० आणि २०२१ च्या चैत्रात जत्रा बंद, सुपाऱ्या बंद. डोक्यावरचे देणे तेवढे चालू!

फडाचे अर्थकारण मंत्रालयास ठाऊक नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. फडमालक सावकाराकडून कर्ज काढतो आणि त्यातून कलावंतांना उचल देतो. हंगाम बुडाला की मालक सावकाराच्या दावणीला, आणि नर्तकी, सोंगाड्या, ढोलकीवाला, राहुटी ठोकणारा गडी हे सारे मालकाच्या.

यावर उपाय नाही काय? याच राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यान्वये हमालाची नोंदणी होते, मालक-व्यापाऱ्यांकडून लेव्ही वसूल होते, हमालास भविष्यनिर्वाह निधी मिळतो. मग बोर्डावर घाम गाळणाऱ्या स्त्रीस कामगार म्हणताना सरकारची जीभ का अडखळते? तिची जात आड येते, की पेशा? महोत्सवांच्या खर्चावर लेव्ही बसवा, तमाशा कामगारांचे मंडळ स्थापन करा, आणि त्याची पहिली नोंदणी संगमनेरात करा.