डोंगरउतारावरचे पाहुणे

जकार्ताच्या दमट उष्म्याने आणि कचेरीच्या कामाने शिणलेली माणसे शुक्रवारी संध्याकाळी आग्नेयेची वाट धरतात आणि पश्चिम जावाच्या डोंगराळ मुलखात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेल्या बांडुंग शहरी येऊन दोन दिवस गारवा भोगतात, हा परिपाठ डच अमदानीपासून अव्याहत चालत आला आहे. १८८४ साली येथवर आगगाडी पोचली. २०२३ च्या ऑक्टोबरात अतिवेगवान गाडी सुरू झाली आणि जकार्ता व बांडुंग यांमधील अंतर तासाच्या आत आले. मात्र ज्या जुन्या लोहमार्गाने घाटातील पुलांवरून आणि पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांमधून तीन तासांत हे शहर गाठता येते, त्या मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला हवेतील पालट अंगाला जाणवतो आणि आपण कोणत्या प्रकारच्या भूमीवर चढत आहोत याची थोडीशी कल्पनाही येते. इंडोनेशियाला जाणारा मराठी प्रवासी बहुधा बालीच्या किनाऱ्यावर उतरून तेथूनच परततो. त्याने बांडुंगला अवश्य जावे आणि सवडीने जावे. परंतु थंड हवेच्या गावाला जाणे म्हणजे केवळ थंड हवा खाणे, ही जी समजूत पाहुण्यांच्या आणि त्यांच्या जिवावर इमारती उठवणाऱ्यांच्या मनात घट्ट बसली आहे, तिने या शहराचे फार नुकसान केले आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे मला अगत्याचे वाटते.

बांडुंगच्या उत्तरेस तांगकुबान पराहू हा २,०८४ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी आहे. दुरून पाहता त्याचा माथा पालथ्या घातलेल्या नावेसारखा सपाट आणि लांबट दिसतो, आणि येथील सुंदा लोकांची कथा असे सांगते की सांगकुरियांग नावाच्या तरुणाने दायांग सुंबी हिला ती आपली जन्मदात्री आहे हे न ओळखता लग्नाची मागणी घातली, तेव्हा ओळख पटलेल्या त्या मातेने एका रात्रीत चितारूम नदी अडवून सरोवर करावे आणि त्यात विहरण्यास नाव घडवावी अशी अट घातली. आणि काम पुरे होत आले असे पाहून तिने पूर्वेकडे खोटे तांबडे फुटल्याचा देखावा केला, तेव्हा संतापलेल्या सांगकुरियांगने लाथेने उलथून टाकलेली नाव म्हणजेच हा पर्वत होय. भूगर्भशास्त्राचा वृत्तान्त या कथेपासून फारसा दूर नाही. प्राचीन काळी येथील ज्वालामुखीच्या उद्रेकाने चितारूमचा मार्ग रोधला गेला, खोऱ्यात विस्तीर्ण सरोवर साचले आणि सुमारे सोळा हजार वर्षांपूर्वी त्याचे पाणी बाहेर वाट काढून निघून गेले. आजचे शहर त्या सरोवराच्या तळाच्या गाळावर आणि पर्वताने ओकलेल्या राखेवर उभे आहे. शहराचा गारवा त्याच्या उंचीमुळे आहे, ही उंची ज्वालामुखींच्या शतसहस्र वर्षांच्या संचयाने निर्माण झाली आहे, आणि राखेपासून झालेली येथील काळी, भुसभुशीत माती पावसाचे पाणी शोषून घेऊन सावकाश झऱ्यांच्या रूपाने परत देते. अर्थात पाहुणा ज्या हवेसाठी येतो, ज्या हिरवळीवर त्याची दृष्टी निवते आणि ज्या पाण्याने तो तहान भागवतो, ते सारे त्या एकाच पर्वताचे देणे आहे.

विवराच्या काठापर्यंत मोटार जाते, ही सोय मला फारशी हितावह वाटत नाही, कारण इतक्या सहजतेने प्राप्त होणाऱ्या दर्शनात भय आणि आदर यांना अवकाश उरत नाही. कावा रातू या मुख्य विवराच्या कडेला उभे राहिले असता तळाशी करड्या-पांढऱ्या राखेचा विस्तार, त्यातून निघणारी वाफ आणि गंधकाचा उग्र दर्प यांचा प्रत्यय येतो. बाजूच्या कावा दोमास या लहान विवरात उकळत्या झऱ्यांत अंडी शिजवून खाण्याची पद्धत आहे, आणि काठावर लोकरी टोप्या व स्ट्रॉबेरी विकणारे आणि आल्या-गुळाचे ऊन ऊन बांद्रेक पाजणारे स्थानिक फेरीवाले बसलेले असतात. २६ जुलै २०१९ रोजी दुपारी मुख्य विवरातून अकस्मात राखेचा लोट सुमारे दोनशे मीटर उंच उसळला, तेव्हा राखेने माखलेले प्रवासी आणि हे फेरीवाले एकाच वाटेने खाली धावले. भूमीखालच्या उष्णतेने पाण्याची एकाएकी वाफ होऊन होणारा हा उद्रेक फारशी पूर्वसूचना न देता येतो. त्यात तप्त लाव्हा वर येत नसल्याने यंत्रांना त्याची चाहूलही क्षीणच लागते. त्यानंतर काही दिवस हा पर्वत बंद ठेवण्यात आला. साऱ्या इंडोनेशियातील सुमारे सव्वाशे जागृत ज्वालामुखींवर नजर ठेवणारे सरकारी खाते याच बांडुंग शहरात आहे, आणि १९२९ साली उघडलेले भूगर्भशास्त्राचे संग्रहालयही येथेच आहे. पाहुण्याने विवराकडे जाण्याच्या आधी एक सकाळ त्या संग्रहालयात घालवली, तर खात्याचा बंदी हुकूम निघाल्यावर तिकिटाच्या पैशांवरून हुज्जत घालण्याची बुद्धी त्याला होणार नाही.

या मातीच्या सुपीकतेचा इतिहास सर्वस्वी आनंदाचा नाही. प्रियांगान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या डोंगरी इलाख्यात डच कंपनीने अठराव्या शतकाच्या आरंभापासून रयतेवर कॉफीच्या लागवडीची सक्ती केली, आणि स्थानिक सरदारांमार्फत ठरावीक दराने माल वसूल करण्याचा हा बंदोबस्त दीडशेहून अधिक वर्षे टिकला. १८०८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आलेल्या डेंडल्सने जावाच्या पश्चिम टोकापासून पूर्वेपर्यंत सुमारे एक हजार किलोमीटरचा जो टपालमार्ग वेठीने बांधून घेतला, त्याच्या लगत येण्यासाठी १८१० साली बांडुंगच्या अधिपतीचे ठाणे चितारूमकाठच्या जुन्या कसब्यातून उत्तरेकडे हलवण्यात आले, आणि आजचे शहर तेथून वाढले. पुढे येथे कोयनेल देणारा सिंकोना आला. फ्रान्स युंगहून या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने जावाचे पर्वत पायी हिंडून त्यांचे वर्णन केले आणि सिंकोनाच्या लागवडीसाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १८६४ साली बांडुंगच्या उत्तरेकडील लेंबांग येथे देह ठेवताना आपल्या पर्वतांचा निरोप घेण्यासाठी त्याने खिडक्या उघडावयास सांगितल्या अशी आख्यायिका आहे. त्याने लावलेल्या जातीच्या झाडांत मात्र कोयनेलचा अंश अल्प निघाला. उत्तम जातीचे बी दक्षिण अमेरिकेतून १८६५ मध्ये चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याकडून आले, आणि ते ज्याने बोलिव्हियाच्या अरण्यांतून वेचून आणले तो मान्वेल इंक्रा मामानी हा आयमारा जमातीचा माणूस पुढे याच कामापायी कैद आणि मारहाण सोसून प्राणास मुकला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोयनेल जावाच्या या डोंगरांतून जात असे; हिवतापाने कण्हणाऱ्या आपल्याकडच्या खेड्यांतील रोग्यांनाही या झाडाच्या सालीनेच जीवदान दिले. युंगहूनचे स्मारक लेंबांगला आहे. मामानीचे नाव तेथे येणाऱ्या पाहुण्याने निदान मनात तरी आणावे असे मला वाटते.

शहरात उतरल्यावर आशिया-आफ्रिका मार्गावर पायी चालावे. डेंडल्सच्या टपालमार्गाचाच हा तुकडा आहे. याच शहरातील अभियांत्रिकी विद्यालयातून इंडोनेशियाचे भावी राष्ट्राध्यक्ष सुकार्नो १९२६ मध्ये पदवीधर झाले, येथेच त्यांनी राष्ट्रीय पक्ष स्थापन केला, १९३० मध्ये येथल्याच न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला आणि सुकामिस्किनच्या तुरुंगात त्यांनी शिक्षा भोगली. २४ मार्च १९४६ रोजी ब्रिटिश सेनेने दक्षिण बांडुंग खाली करण्याचे फर्मान काढले, तेव्हा शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून लोकांनी स्वहस्ते आपली घरे पेटवली आणि लाखोंच्या संख्येने डोंगरांकडे प्रयाण केले. त्या ब्रिटिश सेनेत हिंदी पलटणी होत्या, हे आपण विसरता कामा नये. तदनंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १८ एप्रिल १९५५ रोजी, एकेकाळी गोऱ्या मळेवाल्यांचा क्लब असलेल्या इमारतीत आशिया आणि आफ्रिकेतील एकोणतीस राष्ट्रे एकत्र जमली आणि स्वतंत्र भारताचे पंतप्रधान नेहरू त्या परिषदेच्या निमंत्रक राष्ट्रांपैकी एकाचे प्रतिनिधी म्हणून तेथे बसले. परिषदेला निघालेले चिनी शिष्टमंडळातील लोक आणि पत्रकार यांना घेऊन येणारे एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमान ११ एप्रिल रोजी घातपाताने समुद्रात कोसळले, सोळा जण मृत्यू पावले आणि तिघे वाचले. विमानाचे कप्तान दामोदर काशिनाथ जठार यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. वाचलेल्यांत अनंत श्रीधर कर्णिक हे अभियंते होते. बांडुंगच्या त्या सभागृहात उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाला या दोन नावांचे स्मरण व्हावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

अशा या शहराची आज जी अवस्था होत आहे ती पाहून मन विषण्ण होते. शहराच्या उत्तरेकडील चढ, लेंबांग आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश, हा पावसाचे पाणी मुरण्याचा प्रदेश आहे, आणि त्याच चढावरून सुमारे २९ किलोमीटर लांबीचा भूकंपप्रवण भ्रंश गेला आहे. पाहुण्याला खोऱ्याचा देखावा हवा असतो, म्हणून नेमक्या त्याच उतारावर बंगले, खानावळी, खेळण्यांची उद्याने आणि वाहनतळ यांची दाटी झाली आहे. चहाच्या मळ्याचा धनी बोसखा याच्या औदार्याने १९२३ मध्ये लेंबांगला स्थापन झालेली वेधशाळा, जिच्यातील दुर्बिणीने दक्षिण आकाशातील युग्मताऱ्यांचा अभ्यास कित्येक दशके केला, ती आता खालच्या दिव्यांच्या उजेडाने जवळजवळ आंधळी झाली आहे. ज्या मातीने पाणी शोषावयाचे ती काँक्रीटखाली गेल्यावर पाऊस उतारावरून थेट शहराच्या दक्षिणेकडे धावतो, आणि १८१० पूर्वीचा जो जुना कसबा होता त्या दायेउकोलोतमध्ये दर पावसाळ्यात घरांत पाणी शिरते. पुराची सवय त्या सखल भागाला पूर्वीपासून होती, हे खरे. परंतु आजच्या पुरात डोंगरावरच्या चैनीचा वाटा आहे, हे नाकारता येणार नाही. कचऱ्याची गोष्ट तर अधिक दारुण आहे. २१ फेब्रुवारी २००५ रोजी लेउविगाजा येथील कचऱ्याचा डोंगर पावसाने ढासळला आणि पायथ्याच्या वस्तीतील १४३ माणसे त्याखाली गाडली गेली. ज्वालामुखीने या पिढीत इतके बळी येथे घेतलेले नाहीत.

चितारूम नदी याच खोऱ्यातून वाहते. कापडगिरण्यांचे रंग, गुरांचे शेण, शहराचे सांडपाणी आणि उतारावरून वाहून आलेला गाळ घेऊन ती तीन धरणे ओलांडत उत्तरेस जाते, आणि त्यांपैकी जातिलुहूर धरणातून कालव्याने नेलेले पाणी जकार्ताची बहुतांश तहान भागवते. म्हणजे शनिवारी लेंबांगच्या सज्जात बसून मक्याचे भाजलेले कणीस खाणारा जकार्ताचा गृहस्थ सोमवारी आपल्या घरच्या नळाला जे पाणी घेतो, त्याचे भवितव्य त्याच्या त्या शनिवारच्या जागेवर अवलंबून आहे. पाहुणा आणि रहिवासी यांचे हितसंबंध परस्परविरुद्ध आहेत असे जे सांगितले जाते, ते येथे साफ खोटे ठरते.

म्हणून उत्तरेकडील उतारावर नव्या बांधकामाचे परवाने देणे पूर्णपणे थांबवावे, आणि नियम कागदावर असताना दिलेल्या सवलतींची दप्तरे पुन्हा उघडावी, असे माझे निश्चित मत आहे. यामुळे स्थानिकांचा रोजगार बुडेल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. विवराच्या काठावर टोप्या विकणाऱ्याचे पोट पाहुण्यावरच आहे. परंतु उतारावरच्या मोठ्या इमारतींचा नफा त्या टोपीवाल्याच्या घरी जात नाही, आणि भूकंपाचा हादरा किंवा पुराचा लोंढा आला तर पहिला तडाखा त्यालाच बसतो. पाहुणे शहरातच उतरावेत, जुन्या डच धाटणीच्या ज्या इमारती तेथे पडीक होत चालल्या आहेत त्यांची डागडुजी करून त्यांत त्यांची सोय व्हावी, सकाळी सामाईक गाड्यांतून ते डोंगरावर जावेत आणि दुपारी धुके दाटण्यापूर्वी परतावेत. आणि विवराच्या प्रवेशशुल्कातील ठरावीक हिस्सा चितारूमकाठच्या पूरग्रस्त वस्त्यांकडे जाण्याची कायदेशीर तरतूद व्हावी. सध्या हे शुल्क परदेशी पाहुण्यास देशी पाहुण्याच्या कित्येक पट भरावे लागते. दायेउकोलोतच्या बांधबंदिस्तीसाठी ते आणखी वाढले, तरी आपल्यापैकी कोणी कुरकुर करू नये.