नवा ट्रॅक्टर आणि डिझेलचा हिशेब

मोटारगाडी विकत घेणारा मनुष्य दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न विचारतो, "लिटरला किती किलोमीटर धावते?" ट्रॅक्टर घेणारा आमचा शेतकरी मात्र विचारतो, "किती अश्वशक्तीचा आहे?" मोटारगाडी ही पुष्कळांच्या बाबतीत सोयीची वस्तू असते, ट्रॅक्टर हे उत्पन्नाचे साधन आहे. असे असता ज्या वस्तूच्या इंधनावर घरचा जमाखर्च अवलंबून, तिच्याविषयी हा प्रश्नच विचारला जाऊ नये, ही आश्चर्याची तितकीच काळजीचीही गोष्ट होय. या लेखात नव्या ट्रॅक्टरांची जाहिरात करावयाची नाही, अथवा त्यांची निंदाही करावयाची नाही. ट्रॅक्टर कोणताही असो, एका एकराच्या मशागतीस किती डिझेल लागले याचा हिशेब ठेवणे हेच आजच्या घडीस शेतकऱ्याचे खरे हित आहे, एवढेच मत मांडावयाचे आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी सहा एकरांचे एक शेतकरी कोणता ट्रॅक्टर घ्यावा हे विचारण्यासाठी माझ्याकडे आले होते. मी त्यांचे कागदपत्र पाहिले, अनुदानाची पात्रता पाहिली आणि पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर घेण्यास हरकत नाही असे सांगितले. त्यांच्या शेतात वर्षाकाठी किती तास काम आहे, हे मी विचारले नाही. त्यांनी बैलजोडी विकली, कर्ज काढले आणि ट्रॅक्टर आणला. दोन हंगामांनंतर त्यांनी पेट्रोलपंपावरील उधारीची वही माझ्यापुढे ठेवली व विचारले, "साहेब, एवढे डिझेल जाते कुठे?" मला उत्तर देता आले नाही. कृषिपदवी घेतलेल्या अधिकाऱ्यास एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, याची मला लाज वाटली. पुढे जे लिहिले आहे ते त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिकलेले आहे.

तासाचा नव्हे, एकराचा हिशेब

"आमचा ट्रॅक्टर तासाला चारच लिटर खातो," असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. परंतु या एका वाक्यावरून काहीच निष्पन्न होत नाही. समजा, एक ट्रॅक्टर तासाला चार लिटर डिझेल जाळतो व तेवढ्या वेळात बत्तीस गुंठे नांगरतो; म्हणजे एकरास पाच लिटर पडले. दुसरा तासाला सहा लिटर जाळतो, पण दीड एकर नांगरतो; त्याला एकरास चारच लिटर पडले. तासाच्या हिशेबाने जो उधळा दिसतो तो एकराच्या हिशेबाने काटकसरी ठरतो. यास्तव माप एकराचेच धरावे.

हे माप घेण्यास यंत्रशाळा लागत नाही. सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरावी. ठरावीक क्षेत्राची मशागत करावी. पुन्हा त्याच जागी ट्रॅक्टर आणून मापाच्या भांड्याने टाकी पूर्वीच्याच खुणेपर्यंत भरावी. जितके लिटर पुन्हा घालावे लागले त्यांस केलेल्या गुंठ्यांनी भागून चाळिसाने गुणले, की एकरी खप निघतो. ही नोंद वहीत तारीख, काम, अवजार व गिअर यांसह लिहावी. एका हंगामाची अशी वही दहा जाहिरातींपेक्षा अधिक शिकवील.

नव्या नमुन्यांविषयी

गेल्या काही वर्षांत ट्रॅक्टरांचे नवे नमुने झपाट्याने आले आहेत. दिनांक १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना धुराविषयीचे ट्रेम-४ हे कडक मानक लागू झाले. त्यामुळे या ट्रॅक्टरांत कॉमन रेल पद्धतीची, विद्युत्-नियंत्रित इंधनयंत्रणा आली. ही यंत्रणा डिझेलचा फवारा नेमका व योग्य क्षणी सोडते, म्हणून ज्वलन स्वच्छ होते. परंतु तिला कचरा व पाणी मुळीच सहन होत नाही, आणि ती बिघडली तर गावच्या मिस्त्रीच्या हातात फारसे काही राहत नाही. लहान ट्रॅक्टरांतही चारही चाकांना जोर देणारे हलके नमुने बाजारात आहेत. डिसेंबर २०२० मध्ये सोनालिका कंपनीने विजेवर चालणारा ट्रॅक्टर बाजारात आणला, आणि २०२३ साली दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केलेला विजेवरील लहान ट्रॅक्टरही पुढे आला. फळबागेतील हलक्या कामास असे ट्रॅक्टर उपयोगी पडतील, यात शंका नाही. मात्र दिवसभराच्या नांगरटीस बॅटरी किती पुरते, हे स्वतः पाहिल्यावाचून निर्णय करू नये.

नमुना कोणताही असो, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझिअर या शेतकरी असलेल्या विधिमंडळ सदस्याने स्वतः ट्रॅक्टरच्या खरेदीत हात पोळून घेतले होते. त्याच्या पुढाकाराने तेथे १९१९ साली कायदा झाला, की चाचणी झाल्याशिवाय ट्रॅक्टरचा नमुना राज्यात विकता येऊ नये. आपल्या देशात हे काम मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत होते. तेथील चाचणी-अहवालात इंजिनाची प्रत्यक्ष शक्ती व इंधनाचा खप यांचे आकडे असतात. ट्रॅक्टर घेण्यापूर्वी हा अहवाल मागून दोन-तीन नमुन्यांची तुलना करावी. इंग्रजी वाचण्याची अडचण असल्यास तो वाचून समजावून देणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे. तेवढे तरी आपण केलेच पाहिजे.

डिझेल जाते कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माझ्या अनुभवाने डिझेल पाच वाटांनी जाते.

पहिली वाट म्हणजे मोठ्या इंजिनाकडून हलके काम करून घेणे. डिझेल इंजिन आपल्या शक्तीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भारावर काटकसरीने चालते. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पेरणीयंत्र ओढताना पूर्ण रेस देऊन खालच्या गिअरमध्ये चालविला, तर बरेचसे डिझेल केवळ इंजिन फिरविण्यात खर्च होते. अशा हलक्या कामास एक गिअर वर घालून रेस कमी करावी; जमिनीवरील वेग तोच राहतो, इंजिनाचे फेरे कमी होतात. धुराड्यातून काळा धूर येऊ लागला किंवा रेस दिल्यावर इंजिन उचल घेईना, तर भार जास्त झाला असे समजून खालच्या गिअरवर यावे. रोटाव्हेटरसारख्या पी.टी.ओ. वर चालणाऱ्या अवजारास मात्र मिनिटाला ५४० फेरे लागतात, म्हणून तेथे रेस मनास येईल तशी कमी करता येत नाही. काही नव्या ट्रॅक्टरांत हेच ५४० फेरे इंजिनाच्या कमी गतीवर मिळण्याची सोय आहे. ती असल्यास हलक्या जमिनीत अवश्य वापरावी.

दुसरी वाट चाकांच्या घसरणीची. मागील चाकावर खडूने खूण करावी. नांगर जमिनीत असता चाकाचे दहा फेरे होऊ द्यावेत व तेवढे अंतर खुंट्या ठोकून ठेवावे. मग नांगर उचलून तेच अंतर पुन्हा चालावे व फेरे मोजावेत. साडेआठ फेरे भरले तर घसरण १५ टक्के झाली. आठाहून कमी भरले तर डिझेलचा पाचवा हिस्सा माती उकरण्यात व टायर झिजविण्यात जातो आहे, हे ओळखावे. उपाय म्हणजे टायरमधील हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवणे, आवश्यक तेवढे वजन लावणे आणि मुख्य म्हणजे वाफसा येण्याची वाट पाहणे. आपल्या काळ्या जमिनीत वाफशाआधी नांगर घातला तर चाक घसरते आणि जमीन दबते. वाफसा निघून गेल्यावर घातला तर ढेकळे निघतात व ती फोडण्यास पुन्हा डिझेल लागते. वाफसा ओळखणारी आजोबांची नजर कोणत्याही नव्या नमुन्यात बसवून मिळत नाही.

तिसरी वाट वळणांची. शंभर मीटर लांब व चाळीस मीटर रुंद असा शेताचा तुकडा घ्या. हे क्षेत्र जवळजवळ एक एकर होते. दीड मीटर रुंदीचा रोटाव्हेटर लांबीच्या बाजूने चालविला तर सत्तावीस फेऱ्यांत काम संपते. आडवा चालविला तर सदुसष्ट फेऱ्या लागतात. म्हणजे चाळीस वळणे अधिक झाली. एका वळणास वीस सेकंद धरले तरी तेरा मिनिटे ट्रॅक्टर काहीही न करता डिझेल जाळतो. नांगरटीस पलटी नांगर वापरल्यास रिकामे फिरणे असेच वाचते.

चौथी वाट दुर्लक्षाची. एअर क्लीनर धुळीने बुजला की इंजिन गुदमरते व काळा धूर सोडते. धुळीच्या कामात तो रोज पाहावा. टाकीच्या नळीतून सेकंदास एक थेंब गळत असेल, तर दिवसरात्रीत ८६,४०० थेंब होतात. चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दोन लिटरांहून अधिक डिझेल मातीत गेले. बांधावर गप्पा मारताना ट्रॅक्टर चालूच ठेवण्याची सवयही अशीच; उभे इंजिनसुद्धा तासाला सुमारे एक लिटर खाते. पिपातले डिझेल एक दिवस स्थिर ठेवून, तळाचा गाळ न ढवळता गाळून घ्यावे आणि संध्याकाळी काम संपताच टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने टाकीत पाणी साचत नाही.

पाचवी वाट चुकीच्या समजुतींची. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. त्याने पंपाची झीज होते. खप कमी करणारे म्हणून बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. उतारावर उसाची ट्रॉली न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर जिवाशी खेळ आहे. शिवाय त्यात बचतही नाही; गिअरमध्ये रेस सोडून उतरताना पंप डिझेल जवळजवळ बंद करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जातच राहते.

त्या वहीचे पुढे काय झाले?

वर उल्लेख केलेल्या शेतकऱ्याच्या शेतात आम्ही एके दिवशी एकाच पेरणीयंत्राने दोन सारख्या तुकड्यांचे माप घेतले. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने एकरास ३.४ लिटर लागले. गिअर बदलून व रेस कमी करून २.६ लिटर. एका दिवसाच्या मापावरून नियम ठरत नाही, हे मी जाणतो. पण त्या दिवसापासून त्यांनी वही ठेवली. आता ते शेजाऱ्यांची पेरणी भाड्याने करतात. एका हंगामात शंभर एकर पेरणी झाली तर याच फरकाने ८० लिटर वाचतात; लिटरला ९० रुपये धरल्यास ७,२०० रुपये होतात.

यामुळे त्यांचे कर्ज फिटले असे मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. डिझेल वाचविल्याने बँकेचा हप्ता कमी होत नाही. सहा एकरांस एवढा ट्रॅक्टर मोठाच होता, आणि त्याबद्दलचा सल्ला माझा होता. चालविण्याची पद्धत सुधारणे हा दुसरा उपाय. पहिला उपाय खरेदीपूर्वीच करावयाचा असतो.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस माझी आग्रहाची सूचना आहे, की ट्रॅक्टरचा अर्ज भरून देण्यापूर्वी शेतकऱ्यास दोन प्रश्न विचारावेत. वर्षाकाठी स्वतःच्या शेतात किती तास काम आहे? आणि उरलेल्या तासांत ट्रॅक्टर कोणाच्या शेतात चालणार आहे? उत्तरे समाधानकारक नसतील तर लहान ट्रॅक्टर, चार-पाच घरांनी मिळून घेतलेला ट्रॅक्टर किंवा अवजार बँकेतून भाड्याने घेतलेला ट्रॅक्टर हा मार्ग सुचवावा. अनुदान मिळते हे खरेदीचे कारण होऊ शकत नाही. अनुदान एकदा मिळते. डिझेल रोज लागते.

डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले, आणि आपला देश खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. परदेशात तेल महागले की त्याची झळ आपल्या बांधापर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नाही. पंपावरील भाव ठरविणे शेतकऱ्याच्या हाती नाही. एकरास किती लिटर जाळावयाचे, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती आहे. येत्या हंगामात पहिली नांगरट सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅक्टरच्या पेटीत एक वही व पेन्सिल ठेवली जावी, एवढीच विनंती.