यजमान कुणाला म्हणावे?

व्हँकुव्हरच्या 2010 सालच्या हिवाळी ऑलिंपिकविषयी एक कथा कॅनडात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आता कथा वाटतच नाही. लाजरा, सौजन्यशील, उठता-बसता क्षमा मागणारा एक देश; शेजारच्या बलाढ्य राष्ट्राच्या सावलीत स्वतःविषयी मोठ्याने बोलायलाही संकोचणारा. फेब्रुवारीतल्या सतरा दिवसांत त्याने हा संकोच झटकला, लाल हातमोजे चढवले, रस्त्यात उतरून राष्ट्रगीत गायले, आणि त्याला आपला आवाज सापडला. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा साचा ओळखीचा वाटायला हवा. अजाण नायक जगाचे टक्केटोणपे खातो आणि अखेरीस त्याला स्वत्व गवसते, त्या जातीच्या कादंबरीचा हा साचा आहे. फरक इतकाच की येथे टक्केटोणपे दुसऱ्यांनी खाल्ले.

गर्दीचा आनंद खोटा होता असे मला म्हणायचे नाही. क्रीडाप्रेम दिसले की 'ही जनतेची अफू' असे म्हणून मोकळे होणे हा आळशी समीक्षकाचा मार्ग आहे, आणि आपल्याकडे तो बराच मळलेला आहे. आनंदाला सबळ कारण होते. कॅनडाने यापूर्वी दोनदा ऑलिंपिक भरवले होते, 1976 साली माँट्रियलला आणि 1988 साली कॅल्गरीला; दोन्ही वेळा स्वतःच्या भूमीवर त्याला एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. 14 फेब्रुवारी 2010 रोजी सायप्रस माउंटनच्या उंचवट्यांच्या उतारावर अलेक्झांडर बिलोदो पहिला आला, तेव्हा चौतीस वर्षांचे ओझे उतरले. त्याने मागे टाकलेला गतविजेता डेल बेग-स्मिथ ऑस्ट्रेलियाकडून खेळत होता, पण वाढला होता व्हँकुव्हरमध्येच. 'आपला' कोण आणि 'परका' कोण, या प्रश्नावर याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. त्यानंतर 28 फेब्रुवारीचा आइस हॉकीचा अंतिम सामना. अमेरिकेने शेवटची चोवीस सेकंद उरली असताना बरोबरी साधली आणि जादा वेळेत सिडनी क्रॉस्बीने निर्णायक गोल केला. सुमारे तीन कोटी चाळीस लाखांच्या देशात सरासरी 1 कोटी 66 लाख माणसे दूरचित्रवाणीवर तो सामना पाहत होती. इतकी माणसे एका क्षणी ओरडतात तेव्हा त्या ओरडण्याला हसणे शहाणपणाचे नाही.

पण ओरडणे उत्स्फूर्त असले तरी ओरडण्याची संहिता अगोदर लिहून झाली होती. उद्घाटनाच्या सोहळ्यात शेन कॉयझनने आपली 'वी आर मोअर' ही कविता सादर केली आणि रूढ प्रतिमांच्या पलीकडचा कॅनडा तिच्यात बोलतो म्हणून लोक भारावले. ही कविता मुळात कॅनडाच्या पर्यटन आयोगाने लिहून घेतलेली होती. मागणीवरून लिहिलेली कविता वाईटच असते असे नाही. दरबारी कवितेचा मोठा इतिहास आपल्यापाशी आहे. तरी ज्या कवितेला आत्मशोध म्हणून टाळ्या पडतात, ती पर्यटकांसाठी मागवलेली होती, हे वाचनाच्या बाहेर ठेवता येत नाही. राष्ट्रगीतातलेच शब्द स्पर्धेचे ब्रीदवाक्य झाले आणि आयोजकांनी त्यांवर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. मेपलचे पान असलेले लाल हातमोजे हडसन्स बे कंपनीने दहा डॉलरांना जोडी या दराने विकले. 1670 साली लोकरी कातड्यांच्या व्यापारासाठी स्थापन झालेली, मूलनिवासींच्या शिकारीवर मोठी झालेली ती कंपनी. (2025 साली तिची दुकाने बंद झाली.) उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी निदर्शकांनी तिच्याच दुकानाच्या काचा फोडल्या. काचा फोडण्याचे समर्थन मी करत नाही, पण त्या दिवशी शहरात हातमोज्यांचा इतिहास वाचलेली माणसे होती, एवढे म्हणतो.

आता मूळ मुद्दा. मराठीत आपण अशा देशाला 'यजमान' म्हणतो. आज या शब्दाचा अर्थ पाहुण्याची सरबराई करणारा असा आहे. संस्कृतात यजमान म्हणजे यज्ञ करवणारा. खर्च त्याचा, ऋत्विज त्याने नेमलेले आणि फळही त्याचेच. एका अर्थात पाहुणा मध्यभागी आहे, दुसऱ्यात तो जवळजवळ नाहीच. व्हँकुव्हरमध्ये कॅनडाने पहिल्या अर्थाची पत्रिका वाटली आणि दुसऱ्या अर्थाचा विधी केला.

या विधीचे नाव होते 'ओन द पोडियम', म्हणजे विजयमंचाची मालकी. पाच वर्षांची योजना, अकरा कोटी डॉलरांहून अधिक खर्च, आणि सर्वाधिक पदके मिळवण्याचे उघड ध्येय. खेळाडूंवर पैसा खर्च करण्यात गैर काही नाही. गैर होते ते असे, की व्हिसलरच्या घसरणमार्गावर आणि रिचमंडच्या स्केटिंगच्या बर्फावर परदेशी खेळाडूंना सरावाची संधी मोजून-मापून, नियमाला पुरेल एवढीच दिली गेली आणि घरच्यांना ती भरभरून मिळाली. याविषयीच्या तक्रारी स्पर्धेच्या आधीपासून होत होत्या. त्यांना मिळालेले उत्तर साधारण असे होते: नियम मोडलेला नाही, आणि सगळेच यजमान असे करतात.

12 फेब्रुवारीला, उद्घाटनाच्या काही तास आधी, त्या व्हिसलरच्या मार्गावर नोदार कुमारिताश्विली हा जॉर्जियाचा एकवीस वर्षांचा खेळाडू सरावात मरण पावला. त्याचा खेळ ल्यूज. छोट्या घसरगाडीवर उताणे झोपून, पाय पुढे करून बर्फाच्या वळणदार नळीतून उतरायचे. ताशी 140 किलोमीटरहून अधिक वेगात तो शेवटच्या वळणाबाहेर फेकला गेला आणि कडेच्या, कसलेही आवरण नसलेल्या लोखंडी खांबावर आदळला. चूक खेळाडूची, मार्ग सदोष नव्हे, असा निर्वाळा अधिकाऱ्यांनी झटपट दिला. तरीही भिंत उंच केली गेली आणि पुरुषांचे प्रारंभस्थान खाली, स्त्रियांच्या प्रारंभस्थानी आणले गेले. अधिक सराव मिळता तर तो वाचला असता, असे ठामपणे म्हणता येणार नाही आणि मीही म्हणत नाही. मात्र इतक्या वेगाच्या मार्गावर परक्यांचा सराव आखडता ठेवण्याचा निर्णय हा निव्वळ स्पर्धेतला डावपेच राहत नाही. ज्या घरात उतार धोक्याचा आहे, त्या घराच्या यजमानाने पाहुण्याला आधी उताराची ओळख करून द्यायची असते.

त्या रात्री जॉर्जियाचा चमू काळ्या फिती लावून मैदानात आला तेव्हा प्रेक्षक उठून उभे राहिले. त्यांचे उभे राहणे मनापासूनचे होते. आठवड्याने, 19 फेब्रुवारीला, त्याच मार्गावर जॉन माँटगोमरीने स्केलेटन या पालथे झोपून डोके पुढे ठेवून घसरण्याच्या खेळात सुवर्णपदक मिळवले. व्हिसलरच्या रस्त्यातून जाताना कुणा चाहत्याने त्याच्या हाती बिअरचा जग दिला, तो त्याने चालता-चालता तोंडाला लावला, आणि ते चित्र राष्ट्राच्या आनंदाचे प्रतीक झाले. पुन्हा आठवड्याच्या आत कॅनडाच्या स्त्रियांनी आइस हॉकीचे सुवर्ण जिंकून, प्रेक्षक गेल्यावर, रिकाम्या बर्फावर बिअर आणि सिगार काढले. तेव्हा ऑलिंपिक समितीने चौकशीची भाषा केली. त्यांतल्या एका खेळाडूला कायदेशीर वय गाठायला महिना उरला होता हे खरे. पण आक्षेप तिच्या जन्मतारखेपुरता नव्हता. स्त्रियांना स्की-उडीची स्पर्धाच नव्हती, हे येथे आठवावे. 2009 साली ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने हा भेदभाव आहे हे मान्य केले आणि तो दूर करणे आयोजकांच्या हाती नाही असेही सांगितले. उडी मारणाऱ्या बाया 2014 सालच्या सोचीपर्यंत थांबल्या. हातमोजे घातलेल्या गर्दीने याबद्दल फारसा आवाज केला नाही.

यावर कुणी म्हणेल की चाहत्याकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तो तिकीट काढतो, ओरडतो, घरी जातो. धोरणे ठरवणारे वेगळे. हा युक्तिवाद मला पटत नाही. 'ओन द पोडियम' या घोषणेतला मालक कोण? खेळाडू नव्हे, अधिकारी तर नव्हेच. ती मालकी चाहत्याच्या नावावर मागितली गेली होती. आपल्या नावाने काय मागितले जाते आहे, हे विचारण्याचा हक्क चाहत्याला आहे आणि म्हणून जबाबदारीही. घरच्या प्रेक्षकांचा गजर हा यजमान खेळाडूचा रास्त लाभ आहे, कारण तो पाहुण्याच्या ताटातले काही काढून घेत नाही. बर्फ अडवून ठेवणे तसे नाही.

आणि सगळेच यजमान असेच वागतात, हे तरी खरे का? 1994 साली नॉर्वेतल्या लिलेहॅमरला चार गुणिले दहा किलोमीटरच्या स्कीइंगच्या सांघिक शर्यतीत शेवटच्या टप्प्यावर नॉर्वेचा ब्योर्न डेली आणि इटलीचा सिल्व्हियो फाउनेर खांद्याला खांदा लावून मैदानात आले. नॉर्वेसाठी ही शर्यत म्हणजे जवळजवळ राष्ट्रधर्म. फाउनेरने ती 0.4 सेकंदाने जिंकली आणि क्षणापूर्वी गर्जणारा जनसमुदाय चिडीचूप झाला. त्या शांततेत दुःख होते. कुणाचे काही हिरावले गेल्याची तक्रार नव्हती. त्याच स्पर्धेत तीन विश्वविक्रमांसह तीन सुवर्णपदके मिळवणाऱ्या योहान ओलाव कॉसने आपल्या बक्षिसाचे पैसे युद्धग्रस्त मुलांसाठीच्या निधीला दिले आणि देशवासीयांनाही देण्याचे आवाहन केले. 1984 साली ऑलिंपिकचा यजमान असलेले सारायेव्हो तेव्हा वेढ्यात होते. नॉर्वेजियन माणसे जात्या थोर असतात असा याचा अर्थ नाही. त्यांनाही जिंकायचेच होते आणि त्यांनी दहा सुवर्णपदके मिळवलीही. मात्र त्या खेळाची त्यांना जाण होती, आणि जाण असलेला प्रेक्षक दुसऱ्याचे कौशल्य न पाहण्याचे सोंग करू शकत नाही. आपल्या काव्यशास्त्राने 'सहृदय' म्हणून ज्याचे वर्णन केले तो काहीसा असाच: स्वतःचा लाभ-अलाभ क्षणभर बाजूला ठेवून समोरच्या भावाशी एकरूप होऊ शकणारा.

असा प्रेक्षक व्हँकुव्हरलाही होता, आणि म्हणूनच माझा राग गर्दीवर नसून तिला शिकवल्या गेलेल्या भाषेवर आहे. फिगर स्केटिंगपटू जोआनी रोशेतची आई लेकीचा खेळ पाहायला शहरात आली आणि 21 फेब्रुवारीला हृदयविकाराने वारली. दोन दिवसांनी रोशेत बर्फावर उतरली. सभागृह उभे राहिले. संगीत संपले तेव्हा ती रडली आणि तिच्याबरोबर लोक रडले. 25 तारखेला तिला कांस्य मिळाले. सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम यु-नाचे होते, जिने त्या रात्री विक्रमी गुण मिळवले, आणि तिलाही त्या सभागृहाने मनसोक्त टाळ्या दिल्या. 'मालकी'च्या हिशेबात रोशेतचे तिसरे स्थान ही तूट ठरते. सभागृहातल्या कुणालाही ती तूट वाटली नव्हती.

पदकांचा हिशेब असा झाला: चौदा सुवर्णपदके, तोवरच्या कोणत्याही हिवाळी ऑलिंपिकमधला उच्चांक, एकूण पदकांत मात्र अमेरिका आणि जर्मनीनंतर तिसरा क्रमांक. कथाकारांनी उच्चांक उचलला आणि मूळ ध्येय हुकल्याचे गिळून टाकले. रस्त्यांतल्या त्या गोड गर्दीने शहर बदलले, असेही पुष्कळ लिहिले गेले. 15 जून 2011 रोजी व्हँकुव्हर कनक्स हा संघ स्टॅन्ली चषकाचा निर्णायक सामना बॉस्टनकडून हरला, तेव्हा शहराच्या त्याच मध्यवस्तीत गाड्या जळल्या आणि दुकाने लुटली गेली. सापडलेला आवाज हरण्याच्या प्रसंगी काय बोलायचे ते शिकला नव्हता.

यजमान या शब्दाचा आणखी एक हिशेब राहतो. 2010 च्या स्पर्धेत लिल्वाट, मस्क्वीम, स्क्वॉमिश आणि स्लेवॉटूथ या चार मूलनिवासी राष्ट्रांना अधिकृतपणे 'यजमान राष्ट्रे' म्हटले गेले आणि उद्घाटनात त्यांच्या प्रमुखांना मानाची जागा मिळाली. व्हँकुव्हर शहर ज्या भूमीवर उभे आहे ती या राष्ट्रांनी कोणत्याही तहाने कुणाला दिलेली नाही. तरीही स्पर्धेचे बोधचिन्ह म्हणून निवडला गेला तो दूर उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा दगडी मनोरा. पुढे याच चार राष्ट्रांनी 2030 चे हिवाळी ऑलिंपिक स्वतःच्या नेतृत्वाखाली भरवण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे निदान एकदा यजमानपण नावापुरते राहिले नसते. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने खर्चाचे कारण देऊन पाठिंबा नाकारला. त्या निर्णयाविरुद्ध लाल हातमोजे घालून कुणी रस्त्यात उतरले नाही.