दुसऱ्याच्या लेकराची आई

आना मुइलायेर्त यांच्या २०१५ सालच्या ब्राझिलियन चित्रपटाचे मूळ नाव ‘ती किती वाजता परत येईल?’ अशा अर्थाचे आहे; जगभर तो ‘द सेकंड मदर’ या नावाने गेला. पेर्नांबुकोतून पोटासाठी आलेली वाल साओ पावलोतल्या एका श्रीमंत घरी राहून काम करते आणि तिथल्या फाबिन्योला लहानाचा मोठा करते. तिची स्वतःची मुलगी जेसिका गावाकडे दुसऱ्यांच्या हाती वाढते. आईकडून येतात ते पैसे. पुढे वास्तुकलेच्या प्रवेशपरीक्षेसाठी जेसिका त्याच घरी उतरते आणि घराची घडी विस्कटते.

आईच्या त्यागाची हृद्य कथा म्हणून या चित्रपटाची वाखाणणी होते. ही वाखाणणी त्याच्यावर अन्याय करते. त्याग म्हटला की हिशेब मागायचा नसतो, आणि हा चित्रपट हिशेबच मांडतो. मालकीण बार्बरा निर्धास्त बाहेर पडते, कारण घरात वाल आहे. आणि वाल तिथे आहे, म्हणून जेसिकापाशी आई नाही. एका मुलाला दोन आया मिळतात, त्यातली एक दुसऱ्या मुलीच्या वाट्याची असते. परीक्षेत अपयश आलेला फाबिन्यो वालच्या कुशीत शिरतो आणि सख्ख्या आईपाशी अंग चोरतो. नुकसान त्याचेही होतेच, पण त्याला ऑस्ट्रेलियाला पाठवून सावरण्याची ऐपत त्या घरात आहे.

बार्बराला खलनायिका करून टाकले, हा आक्षेपही टिकत नाही. जेसिकासाठी गादीचे पैसे ती स्वतःहून देऊ करते, वालला घरचीच मानते. उपहासाचा रोख या चांगुलपणावरच आहे. वाढदिवसाला वाल तिला कॉफीचा थर्मास आणि कपांचा संच देते. बार्बरा कौतुक करते आणि खास प्रसंगासाठी तो जपून ठेवायला सांगते. मेजवानीच्या दिवशी वाल मोठ्या हौसेने त्याच कपांतून कॉफी द्यायला निघते, तर बार्बरा तिला अडवते आणि दुसरी भांडी घ्यायला लावते. आवाज चढत नाही, अपशब्द नाही, तरी वालची पायरी तिला कळते. छायाचित्रकार बार्बरा आल्वारेस यांनी कॅमेरा अनेकदा स्वयंपाकघरातच ठेवला आहे. जेवणाची खोली दाराच्या चौकटीतून तुकड्याने दिसते, वालला दिसते तेवढीच. मालकिणीला राक्षसीण केले असते, तर दोष एका बाईच्या स्वभावावर ढकलून प्रेक्षक मोकळे झाले असते.

जेसिकाला उद्धट म्हणणारे तर घरमालकांचीच बाजू नकळत घेतात. पाहुण्यांची खोली तिला घरधनी कार्लोस देतो. तरणतलावात तिला मुलेच ओढतात. त्यानंतर उंदीर दिसल्याचे सांगून बार्बरा तलाव उपसायला लावते. वालचे म्हणणे असे की, ही माणसे देऊ करतात ती आपण नकोच म्हणणार या खात्रीने. जेसिका नको म्हणत नाही, एवढाच तिचा अपराध. कामिला मार्दिला यांनी ही मुलगी कुठेही लाडिक होऊ दिली नाही, हे मोलाचे. त्यांना आणि वाल झालेल्या रेजिना काझे यांना सनडान्स महोत्सवात अभिनयाचे विशेष पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले.

हे वागणे एका घरापुरते नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ साली. घरकामगारांना आठवड्याला ४४ तासांची मर्यादा आणि जादा कामाचा मोबदला यांचा घटनात्मक हक्क मिळाला २०१३ साली. २०१२ च्या कायद्याने संघीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राखल्या. जेसिकाला हवे असलेले साओ पावलो विद्यापीठ राज्याचे, म्हणून त्या कायद्याबाहेरचे. तिथली पहिली फेरी ती स्वतःच्या बळावर पार करते.

शेवट गोड केला, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. जेसिकाही आपला लहानगा जॉर्ज गावी ठेवून आली आहे, हे कळल्यावर वाल नोकरी सोडते आणि नातवाला आणून सांभाळायचे ठरवते. म्हणजे मुलीचे शिक्षण पुन्हा एका बाईच्या बिनमोल कष्टांवरच उभे राहणार. दिग्दर्शिकेने हा प्रश्न सोडवलेला नाही, आणि वालच्या आनंदाखाली तो झाकला जातो, हा दोष मान्य करावा लागतो. तरीही या आनंदाला लबाडी म्हणता येत नाही. वालचे कष्ट पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या माणसांच्या कामी येणार आहेत, आणि जेसिकाच्या वाट्याला आलेले पोरकेपण जॉर्जच्या वाट्याला येणार नाही.