मोठी बॅटरी हे उत्तर नव्हे

घरी लेथवर छोटं पेट्रोल इंजिन बनवणाऱ्या मंडळींची एक ठरलेली गोष्ट असते. इंजिन पहिल्यांदा फुटफुटतं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत ते चुकायला लागतं. की लगेच कुणीतरी अनुभवी माणूस निदान करतो, "बॅटरी कमी पडतेय, मोठी लाव." मग यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची काढून स्कूटरची, ती पुरली नाही तर चारचाकीची. तळहातावर मावणारं इंजिन आणि शेजारी दहा-बारा किलोची बॅटरी! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला चुकीचा आहे. आणि नुसता चुकीचा नाही, धोकादायक आहे.

जरा हिशोब करू. बॅटरी, पॉइंट, कॉइल आणि कंडेन्सर ही मांडणी चार्ल्स केटरिंगची, १९१० च्या आसपासची. पॉइंट मिटले की कॉइलमध्ये प्रवाह हळूहळू चढतो, उघडले की तुटतो, आणि तुटण्याच्या त्या क्षणी ठिणगी पडते. समजा कॉइलचा रोध ३ ओहम आणि इंडक्टन्स ८ मिलिहेन्री आहे. १२ व्होल्टवर प्रवाह जास्तीत जास्त ४ अँपिअर होणार, आणि त्याच्या ९५ टक्क्यांपर्यंत तो ८ मिलिसेकंदांत पोचतो. त्यापुढे पॉइंट कितीही वेळ मिटलेले ठेवा, ठिणगी मोठी होत नाही. फक्त कॉइल तापते.

आता इंजिन बघा. फोर-स्ट्रोक, एक सिलिंडर, १२०० आरपीएम. म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी एक ठिणगी. कॅम असा घासलेला की पॉइंट पाऊण वेळ मिटलेले, म्हणजे ७५ मिलिसेकंद. त्यातले कामाचे ८, बाकी ६७ वाया! सरासरी प्रवाह जवळजवळ ३ अँपिअर. ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावरसुद्धा अडीच तासांच्या आत संपते. पॉइंट ८ मिलिसेकंदच मिटले तर सरासरी येते पाव अँपिअरहूनही कमी. तीच बॅटरी, तेच इंजिन, आणि कागदावर तीस तास.

मग इंजिन पंधरा मिनिटांत का चुकतं? बॅटरी तर संपलेली नसते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली की रोध २० टक्के वाढला, प्रवाह उतरला, आणि ठिणगीतली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर असल्यामुळे ती जवळजवळ ३० टक्के गेली. वर प्लगवर थोडी काजळी असेल तर झालंच. यावर मोठी बॅटरी काय करणार? कॉइल आणखी जास्त वेळ तापवणार, दुसरं काय!

"पण गाडीत तर पॉइंट असेच असायचे" हा नेहमीचा युक्तिवाद. बरोबर आहे, पण गाडीत चार सिलिंडर असतात. ३००० आरपीएमला दर १० मिलिसेकंदांनी ठिणगी लागते, तिथे पॉइंट ५-६ मिलिसेकंद मिटवायचे तर निम्म्याहून जास्त वेळ द्यावाच लागतो. ते गुणोत्तर एका सिलिंडरच्या सावकाश इंजिनावर जसंच्या तसं उतरवणं म्हणजे नक्कल, इंजिनिअरिंग नव्हे.

आणि छोट्या बॅटरीवर इंजिन चालत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी १९३० च्या दशकातली मॉडेल विमानं आठवावीत. १९४७ मध्ये ग्लो प्लग बाजारात येण्याआधी ती मंडळी छोटी कॉइल आणि दोन कोरडे सेल विमानातच घेऊन उडवत होती. तिथे एकेका ग्रॅमचा हिशोब होता, म्हणून डोकं चालवावं लागलं. आपल्या जुन्या लुनालाही ठिणगीसाठी बॅटरी लागत नसे, फ्लायव्हीलमधली चुंबकं पुरायची.

आता धोक्याचं. मागच्या महिन्यात माझं इंजिन बंद पडलं ते नेमके पॉइंट मिटलेले असताना. मी स्विच तसाच ठेवून चहा प्यायला आत गेलो. ४ अँपिअर, १२ व्होल्ट, ४८ वॅट, म्हणजे साध्या सोल्डरिंग आयर्नच्या दुप्पट उष्णता, आणि हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी. परत आलो तेव्हा कॉइलला हात लावता येत नव्हता. तेल भरलेली कॉइल अशी तापत राहिली तर फुटूही शकते. छोटी बॅटरी निदान कधीतरी दमते, चारचाकीची तासन् तास तापवत बसते. शिवाय तिची वायर शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर, आणि मध्ये फ्यूज लावलेला मी फार थोड्या टेबलांवर पाहिलाय. (ड्रोनचे लिथियम पॅक लावणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा.)

उपाय महाग नाही. कॅम असा घासा की पॉइंट थोडाच वेळ मिटतील. ३००० आरपीएमपर्यंत चालवायचं तर कॅमचे ७० अंश पुरतात. हॉल सेन्सर वापरत असाल तर तितकाच वेळ कॉइल चालू राहील एवढंच लहान चुंबक बसवा. बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज, आणि पॉइंट मिटलेले असताना पेटणारा एक छोटा दिवा. झालं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. प्रोग्रॅम मेमरी गळवतोय हे माहीत असून "रॅम वाढवा" म्हणणारे लोक रोज बघतो. सोमवार ते शुक्रवार ते मुकाट्याने ऐकावं लागतं. पण रविवारी, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हातांनी घडवलेल्या इंजिनाशीही आपण तेच करणार असू, तर मग ते घरी बनवलं कशाला? विकतच आणायचं की!

असो. बॅटरी घ्यायला निघण्याआधी एकदा कॉइलला हात लावून बघा. आधी स्विच बंद करून. :-)