सहलीला कारण कशाला हवं?

आपल्या चळवळीत 'शिबिर' हा शब्द चालतो, 'मोर्चा' चालतो, 'अभ्यासदौरा' तर मानाने मिरवतो. 'सहल' म्हटलं की मात्र बैठकीत जरा चुळबुळ होते. गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या आम्ही सातजणींनी माळशेज घाट चढून नाणेघाटापर्यंत दोन दिवस हिंडून यायचं ठरवलं, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न आला, 'बरोबर पुरुष माणूस कोण आहे?' हा प्रश्न आपल्याला पाठ आहे, त्याची उत्तरंही पाठ आहेत. पण संघटनेतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारलं, 'तिकडे काही कार्यक्रम आहे का?' त्याचं उत्तर मात्र आपल्यापैकी कुणाकडेच तयार नसतं. कार्यक्रम काही नव्हता. डोंगर बघायचे होते, नदीत पाय सोडून बसायचं होतं, आणि घरी चार वाजता कुणाला चहा लागतो हे दोन दिवस लक्षात ठेवायचं नव्हतं. एवढ्यासाठी बाईने घर सोडावं का? मला वाटतं, एवढ्यासाठीही सोडावं. आणि हा चळवळीचाच प्रश्न आहे, चळवळीतून घेतलेली सुट्टी नव्हे.

बाई घराबाहेर पडतच नव्हती असं कधी नव्हतं. पण दर वेळी तिच्या हातात कारणाची चिठ्ठी असायची. काशीयात्रा, पंढरीची वारी, नवस फेडणं, बाळंतपणाला माहेरी जाणं. वडाला जायचं, वारुळाला जायचं, तेवढंच मोकळं आभाळ. आजही आमच्या भागातून अष्टविनायकाला, अक्कलकोटला बायकांच्या बसगाड्या भरभरून जातात, आणि एरवी सुनेला गोखले रोडवर अर्धा तास जास्त लागला तर घड्याळ दाखवणारी सासू तेव्हा स्वतः डबा बांधून देते. त्या बसमध्ये बायका किती हसतात, काय काय बोलतात, हे ज्या गेल्या आहेत त्यांना विचारा. देवाच्या नावावर त्यांनी हा प्रवास मिळवलेला असतो. कल्याणच्या घराण्यात जन्मलेली आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेला निघाली. कारण डॉक्टर होण्याचं, म्हणजे केवढं मोठं! तरीही जाण्याआधी बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण करून, आपण का जातो आहोत, याचा खुलासा तिला लोकांपुढे करावा लागला. विलायतेला निघालेल्या तिच्या काळच्या किती तरुणांना असा खुलासा मागितला गेला असेल?

पुढे कामाला जाणं हे कारण मान्य झालं. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली, ती बायका नोकरीला जातात म्हणून. ती लढून मिळवलेली सोय आहे, तिला कमी लेखायचं नाही. पण कामासाठी असेल तर बाहेर, नाहीतर घरात, ही वाटणी तशीच राहिली. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या बायकांबद्दल हेच नेमकं मांडलं आहे : बाई रस्त्यावर असली की तिला काहीतरी काम आहे असं दिसावं लागतं.

या कारणाच्या चिठ्ठीची किंमत किती असते ते शक्ती मिलच्या वेळी दिसलं. ऑगस्ट २०१३ मध्ये तिथे जिच्यावर बलात्कार झाला ती छायाचित्रकार कामावर होती. सगळी मुंबई तिच्या मागे उभी राहिली, ते योग्यच होतं. पण त्याच जागी त्याआधी महिनाभरही झाला नव्हता तेव्हा आणखी एका मुलीवर बलात्कार झाला होता. ती आपल्या मित्राबरोबर तिथे गेली होती. तिने तक्रार केली ती दुसरं प्रकरण उजेडात आल्यावर. आधी का केली नसेल हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. 'तू तिथे गेलीसच कशाला?' या प्रश्नाला 'सहज' हे उत्तर देण्याची सोय ज्या समाजात नाही, तिथे अत्याचाराची अर्धी तक्रार पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंतही पोचत नाही. म्हणून सहज हिंडण्याचा हक्क हा हिंसेविरुद्धच्या आपल्या कामाचाच भाग आहे.

आता वेळेची गोष्ट. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनमोल घरकामात घालवते, आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाने स्वतःची नऊ वाचवून घेतली! आमच्या सातजणींपैकी पाचजणींनी निघायच्या आदल्या रात्री दोन दिवसांचा स्वयंपाक करून डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. 'मंगळवार सकाळ, गरम करून घेणे.' एकीने तर दुधाच्या पिशवीवरही चिठ्ठी चिकटवली होती. ज्या दोघींनी काहीच केलं नाही, त्यांतली एक एकटी राहते आणि दुसरीचा नवरा गेली वीस वर्षं स्वतःची भाकरी स्वतः थापतो. अशा नवऱ्याचं आपण फार कौतुक करतो, म्हणून इथे करत नाही.

गाडी आमच्यातल्याच दोघी आळीपाळीने चालवत होत्या. तीन हात नाका, माजिवडा, खारेगाव, मग दुर्गाडीच्या पुलावरून कल्याण. तिथपर्यंत नुसता धूर आणि ट्रक. कांब्याच्या पुढे रायत्याला उल्हास नदी ओलांडली की रस्त्याला जरा श्वास फुटतो. मुरबाड, सरळगाव, टोकावडे; भाताची खाचरं हिरवीगार भरलेली, उजवीकडे सह्याद्रीची भिंत ढगात अर्धी बुडालेली, आणि मोरोशीच्या पुढे जंगल थेट रस्त्याला येऊन भिडतं. घाटात तर कड्यांवरून इतक्या धारा कोसळत होत्या की आम्ही मोजायचं सोडून दिलं. आमच्यातली एक, वय वर्षं चौसष्ट, चप्पल हातात घेऊन पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, 'मी लग्नाआधी भिजले होते, त्यानंतर आत्ता.' तिचं लग्न बेचाळीस वर्षांपूर्वी झालं.

हे सगळं सुंदर होतं, पण सकाळपासून सातहीजणी पाणी मोजून पीत होत्या. का, ते वाचणाऱ्या प्रत्येकीला कळलं असेल. पुरुष गाडी थांबवतो आणि झाडाकडे वळतो. बाई मैलोगणती आवरून धरते आणि पुढे मूत्रमार्गाच्या दुखण्याची औषधं घेते. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा ग्राहकाला मोफत मिळाली पाहिजे असा तेल कंपन्यांचाच दंडक आहे. प्रत्यक्षात एका पंपावर कुलूप होतं आणि किल्ली घेऊन साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्यावर दार होतं, कडी नव्हती. मग आम्ही चौघी ओढणी धरून उभ्या राहिलो, आपल्या आज्या शेतात राहत तशा. २०११ मध्ये मुंबईतल्या संस्था-संघटनांनी 'राइट टू पी' मोहीम सुरू केली आणि शहरातल्या मुताऱ्यांचा प्रश्न वेशीवर टांगला. ती मोहीम आता हमरस्त्यांवर न्यायला हवी. घाटातले धबधबे बायकांसाठी खुले आहेत की नाहीत हे शेवटी या कडीवर ठरतं.

मुक्कामाच्या ठिकाणीही तेच. एका लॉजवाल्याने सात ओळखपत्रं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, 'जेंट्स मागून येतायत का?' नाही म्हटल्यावर खोल्या शिल्लक नव्हत्या. दुसरीकडे मालकाची बहीण गल्ल्यावर होती. तिने काहीच विचारलं नाही, फक्त रात्री जेवणात झुणका चालेल ना एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरून घाटघरमार्गे नाणेघाट. कोकण आणि जुन्नर यांना जोडणारी ही दोन हजार वर्षांची व्यापारी वाट; तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. खालच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला सातवाहनांचा लेख आहे, तो राणी नागनिकेचा मानला जातो. सातकर्णी राजाची ही विधवा, मुलं लहान म्हणून राज्य तिनेच चालवलं. लेखात यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादीच्या यादी आहे, गाई, घोडे, हत्ती, नाणी. पण मला थांबवलं ते तिच्या वर्णनाने. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, अशी ती तिथे कोरली आहे. इतकं मोठं राज्य सांभाळणाऱ्या बाईलासुद्धा दगडावर आधी आपलं चारित्र्य लिहून ठेवावं लागलं! तिथे राजघराण्याचे पुतळेही होते. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नागनिकेचीही.

इथपर्यंत वाचून एखादी म्हणेल, हे सगळं गाडी परवडणाऱ्या नौपाड्यातल्या बायकांचं कौतुक आहे. ज्या रानात तुम्ही हवा खायला जाता तिथल्या बाईचं काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. ठाण्याच्या नळाला येणारं पाणी भातसा आणि बारवी धरणांतून येतं. भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, बायका हंडे घेऊन कोसभर जातात. बारवीत मुरबाडची गावं बुडाली. याच वाटेवरच्या काळू नदीवर महानगरातल्या शहरांसाठी आणखी एक धरण योजलं गेलं. त्यात जवळपास हजार हेक्टर जंगल जाणार होतं. वनखात्याची परवानगी नसताना काम सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटनेने दाद मागितली, आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. या लढ्यात ठाकर, कातकरी बायका पुढे होत्या. योजना मात्र मेलेली नाही, कागदावर ती पुन्हा पुन्हा डोकं वर काढते.

टोकावड्याच्या पुढे रस्त्याकडेला काकड्या आणि भाजलेली कणसं विकणारी एक ठाकर आजी भेटली. 'कुठं निघाल्या गं?' म्हणाली. फिरायला, असं आम्ही जरा ओशाळून सांगितलं. ती हसली. 'आमी बी जातो की रानात. लाकडाला जातो, भाजीला जातो. गाणी म्हनतो. सासू नसते तिकडं.' मला हे वाक्य विसरता येत नाही. रान तिच्यासाठी सरपण आहे, भाजी आहे, औषध आहे, हे आपण निवेदनांत लिहितोच. ते तिचं मोकळं होण्याचं ठिकाणही आहे, हे आपण कधी लिहिलं आहे? २००६ च्या वनहक्क कायद्याने जमिनीच्या पट्ट्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागतं, हे मोलाचं आहे. पण धरणाच्या नुकसानभरपाईच्या यादीत 'जिथे सासू नसते ती जागा' कुठल्या रकान्यात मांडणार? आमची सहल आणि तिचं लाकडाला जाणं एक नाही. तिच्या डोक्यावर मोळी असते, आमच्या नाही. तरी दोघींना हवं असलेलं काहीतरी एकच आहे, आणि आपली मैत्री तिथून सुरू होऊ शकते, केवळ सहानुभूतीतून नव्हे.

शेवटचा मुद्दा बंदीचा. पावसाळा आला की धबधब्यांवर, धरणांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूम निघतात. माणसं बुडतात, हे खरं आहे. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पण धोक्याच्या जागी दोर, रखवालदार, फलक, संडास असं काही न करता सरसकट बंदी घालणं सगळ्यात स्वस्त पडतं. दारू पिऊन धिंगाणा घालणारे टोळकं करून आडवाटेने पोचतातच. घरी बसतात त्या बायका, कारण 'बंदी आहे, कशाला जाता?' हे आयतंच कारण मिळतं. आणि कणसंवालीचा हंगाम बुडतो तो वेगळाच. निवेदन द्यायचं झालं तर बंदी उठवा एवढंच नको, तिच्या जागी काय हवं तेही लिहू या, आणि ते लिहिताना कणसंवालीला विचारू या.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीचं तिकीट बायकांना निम्म्यात मिळू लागलं. तेव्हा पुढच्या खेपेला गाडी नको, एसटीनेच जायचं असं ठरतं आहे. मुरबाडच्या बाजूच्या मैत्रिणींना येतील का विचारलं आहे. त्या म्हणाल्या, भातलावणी संपू दे. तारीख त्यांच्या सोयीने ठरेल. ज्यांना यायचं त्यांनी गटातर्फे कळवावं. कार्यक्रम काही नाही. घरून डबा करून आणायचा नाही आणि घरी करून ठेवायचाही नाही. सरळगावला उतरून मिसळ खायची आहे.